कॅश क्लिअर करा म्हणे!

आमच्या धंद्यात एक मंत्र आहे. गिऱ्हाईक म्हणालं, “माझ्या मोबाइलवर अजून जुनंच पान दिसतंय,” की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण म्हणायचं, “कॅश क्लिअर करा.” कचेरीत “साहेब दौऱ्यावर आहेत” या वाक्याला जो मान, तोच आमच्यात याला. वाक्य खोटं नसतं. फक्त ते ऐकून समोरचा निमूट निघून जातो आणि आपला चहा गार होत नाही. मी पंधरा वर्षं वेबसाइट बांधून पोट भरतोय. त्यातली पहिली दहा वर्षं हा मंत्र मीही जपलाय, तेव्हा पुढे जे बोलणार आहे त्यातला पहिला जोडा माझ्याच पाठीवर.

मंत्र दिल्यावर पुढे काय होतं, हे आम्ही कधी बघायला जात नाही. एका बाईंनी मला शांतपणे सांगितलं, “अहो, मी कॅश दिलीच नव्हती. गूगल पे केलं होतं.” हसू नका. रोख पैसे आणि साठवलेली पानं, दोन्हींचा उच्चार आपण एकच करतो आणि गिऱ्हाइकाने मात्र संदर्भाने ओळखावं अशी अपेक्षा. (आमच्यातले काही जण ‘कॅशे’ म्हणतात. त्याने गिऱ्हाईक आणखी घाबरतं, एवढाच फायदा.) दादरच्या एका निवृत्त गृहस्थांची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. लिंक व्हॉट्सॲपवर आली होती, म्हणजे कॅशही व्हॉट्सॲपचीच असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ॲपच्या स्टोरेजखाली दोन बटणं शेजारी शेजारी असतात. एक कॅश पुसतं, दुसरं सगळा डेटा. त्यांनी दुसरं दाबलं. बॅकअप नव्हता. बहिणीशी चाललेल्या आठ वर्षांच्या गप्पा गेल्या. कशापायी, तर आंब्याचा नवा भाव दिसावा म्हणून.

आणि तो आंबा विकणारी वेबसाइट मीच सांभाळत होतो.

देवगडजवळच्या एका बागायतदाराची ती साइट. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. जानेवारीत बुकिंग सुरू झालं तेव्हा १२०० रुपये डझन असा भाव लावला. मे उजाडला, माल धडाधड उतरायला लागला, तसे अण्णा ७०० वर आले. २ मेला सकाळी मी भाव बदलला, लॅपटॉपवर बघितला, ७०० दिसला, “झालं अण्णा” म्हणून मोकळा झालो. अण्णांनी दीडदोनशे जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर निरोप धाडला: डझन ७००, खालच्या लिंकवर ऑर्डर द्या. लिंक दाबली की पान उघडायचं, त्यावर १२००.

भाव वाढला असता आणि लोकांना जुना, कमी भाव दिसला असता, तर तासाभरात बोंब झाली असती. इथे उलट होतं. निरोपात ७०० आणि दुकानात १२०० बघून लोक भांडायला येत नाहीत. मनात एक शिवी हासडतात आणि दुसरीकडे जातात. चार दिवसांत ऑर्डरी सात. पाचव्या दिवशी मुलुंडहून एकच फोन आला, “अण्णा, तुम्हीसुद्धा फसवायला लागलात?” चाळीस वर्षं ज्याने पेटीत वरचे आणि खालचे फळ एकसारखे भरले, त्या माणसाला हे ऐकावं लागलं. आणि मी त्यांना काय सांगितलं? “गिऱ्हाइकांना सांगा, कॅश क्लिअर करा.”

अण्णा म्हणाले, “दोनशे जणांक सांगू?”

मी म्हटलं, “माझ्या लॅपटॉपवर बरोबर दिसतंय, अण्णा.”

“तुज्या लॅपटॉपार कोण येतलो आंबे घेवक?”

हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. कारण आमच्या सगळ्या जमातीचं सोंग त्यात उघडं पडतं. डेव्हलपरचा लॅपटॉप हा जगातला सगळ्यात खोटारडा साक्षीदार आहे. त्याच्या ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये ‘डिसेबल कॅश’वर खूण केलेली असते, म्हणजे ती खिडकी उघडी असेतो तो साठ्यातलं काही बघतच नाही. शिवाय तो साइटवर ॲडमिन म्हणून लॉग-इन असतो आणि वर्डप्रेसची बहुतेक कॅशिंग प्लगिन लॉग-इन माणसाला साठवलेलं पान देतच नाहीत, ताजं रांधून वाढतात. म्हणजे स्वयंपाक्याने पातेल्यातून गरम वाढून घ्यायचं आणि पंगतीत कालचं गेलं की म्हणायचं, तुमच्या जिभेत दोष आहे.

मी देवगडला गेलो. शरमेने गेलो, दुसरं कारण नव्हतं. शेडमध्ये आढी लावलेली, गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास, बायका पेट्या भरतायत आणि मी कोपऱ्यात खोक्यावर बसून अण्णांचा फोन हातात घेतला. काच एका कोपऱ्यात तडकलेली, चिकाचे डाग. पहिली गोष्ट केली ती इन्कॉग्निटोमध्ये पान उघडलं. त्या खिडकीत फोनवरचा जुना साठा नसतो. तिथे नवं दिसलं तर दोष फोनमधल्या साठ्याचा, तिथेही जुनंच दिसलं तर फोन सुटला, घाण सर्व्हरकडे. दिसले १२००. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर बघितलं. १२००. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून उगाच एक आकडा टाकला. ७००!

ही साधी युक्ती आहे आणि फार बोलकी आहे. पत्त्याला शेपूट लावल्यावर नवं पान येत असेल, तर खरं पान बरोबर आहे, वाटेत कुणीतरी त्या पत्त्याच्या नावाने जुनी प्रत दाबून बसलंय. तो कुणीतरी मीच निघालो. साइट वेगवान व्हावी म्हणून मी एक प्लगिन बसवलं होतं आणि त्यात ‘मोबाइलसाठी वेगळा साठा’ या पर्यायावर खूण केली होती. म्हणजे प्रत्येक पानाच्या दोन प्रती, एक संगणकासाठी, एक फोनसाठी. भाव बदलला की माझ्या मांडणीत पुसली जायची ती फक्त पहिली. मोबाइलची प्रत २० जानेवारीला शिजलेली, तशीच ताटात. कर्लने हेडर मागवले, यूजर-एजंट फोनचा दिला, तर लास्ट-मॉडिफाइड समोर हजर: २० जानेवारी. चार दिवस होस्टिंगच्या मदत-कक्षाशी माझं चॅट चाललं होतं. तिकडून दर वेळी एकच तयार उत्तर, ब्राउझरचा कॅश पुसा आणि इन्कॉग्निटोमध्ये बघा. मंत्र मला देणारेही आहेतच. पुरोहितालाही वरचा पुरोहित असतो.

मोबाइलची प्रत पुसली. इन्कॉग्निटोमध्ये ७०० आले. साध्या खिडकीत? १२००. पान खाली ओढून रिफ्रेश केलं. गोल चक्र फिरलं, १२००. पुन्हा ओढलं. पेट्या भरणाऱ्या एक काकी बघत होत्या, म्हणाल्या, “किती ओढशात?”

इथे मला फोनवाल्या माणसाची खरी लाचारी कळली. संगणकावर शिफ्ट दाबून रिलोड करता येतं, ब्राउझरचे सगळे साठे ओलांडून थेट सर्व्हरकडे. फोनवर ती सोयच नाही. शिफ्ट की आहे, पण ती फक्त मोठ्या लिपीतली अक्षरं काढायला. ज्याच्या हातात अवजारच दिलेलं नाही, त्याला आपण दुरुस्ती सांगतो. क्रोममध्ये ब्राउझिंग डेटा पुसायला गेला तर कॅशबरोबर हिस्टरी आणि कुकी यांवरही आधीच खूण असते. म्हणजे एका आंब्याच्या भावासाठी वीजबिलापासून रेल्वेपर्यंत सगळीकडून लॉग-आउट. पासवर्ड नातवाने घातलेले, नातू बंगळुरूला.

शेवटी फोन यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावरून त्याच्या पोटात डोकावलो. नेटवर्कच्या यादीत भावाच्या पानापुढे लिहिलं होतं, ते सर्व्हिस वर्करकडून आलंय. माझ्या आधी या साइटवर काम केलेल्या कुणा शहाण्याने ती ‘ॲपसारखी’ वाटावी म्हणून सर्व्हिस वर्कर घालून ठेवला होता. हा ब्राउझरच्या आत बसलेला कारकून. पान मागणारा प्रत्येक अर्ज त्याच्या टेबलावरून जातो. नेट नसतानाही साइट चालावी, या चांगल्या हेतूने तो आला, आयफोनवर तर २०१८ मध्ये, आयओएस ११.३ पासून. पण याला शिकवलेलं होतं, आधी कपाटात बघ, असेल तर तेच दे, सर्व्हरला विचारायचं नाही. साधं रिफ्रेशसुद्धा त्याच्याच टेबलावर जातं. म्हणून ओढा किती ओढायचं ते.

यात आणखी एक मेख आहे, ती ज्याला माहीत नाही त्याने वर्करच्या वाटेला जाऊ नये. सर्व्हरवरून वर्करची फाइल उडवली की तो मरेल असं वाटतं. मरत नाही. फाइल सापडली नाही तर ब्राउझर जुनाच वर्कर चालू ठेवतो. त्याच पत्त्यावर नवी फाइल ठेवावी लागते आणि तिचं काम एकच: कपाट रिकामं करणं, स्वतःची नोंदणी रद्द करणं, उघडं पान पुन्हा मागवणं. हाराकिरी करायलाच जन्माला घातलेला वर्कर. ज्या शहाण्याने मूळ वर्कर घातला, त्याने ही सोय करून ठेवली नव्हती. हौसेने कुत्रा पाळायचा आणि घर बदलताना साखळीला तसाच सोडून जायचं, ही आमच्या क्षेत्रातली रीतच आहे.

मी हे सगळं करत असताना अण्णा आढीतले आंबे उलटत होते. एकेक फळ हातात घ्यायचं, अंगठ्याने हलकेच दाबायचं, पिकलेलं बाजूला, डागी वेगळं, उरलेलं परत गवतात. “रोज करता?” मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ‘रोज जेवता?’ विचारलं असावं. आढी लावून महिनाभर तिकडे न फिरकणारा माणूस आंब्याच्या धंद्यात पहिल्याच मोसमात बसेल. आमच्या धंद्यात त्याला सीनिअर म्हणतात.

कारण साठवणं हा गुन्हा नाही. साठा नसता तर दहावीच्या निकालाच्या दिवशी कुठलीच साइट उभी राहिली नसती आणि गावाकडच्या दोन काड्यांच्या नेटवर्कवर एक फोटोही उघडला नसता. गुन्हा आहे तो साठवताना मुदत न सांगण्याचा. एचटीटीपीत ही मुदत सांगायची जागा आहे, कॅश-कंट्रोल नावाचा हेडर, १९९७ पासून. सर्व्हरने एका ओळीत सांगायचं, हे किती सेकंद ताजं समजायचं. नाहीच सांगितलं, तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो: पान शेवटचं बदललं तेव्हापासून ते आपल्याकडे आलं तोवर जितका काळ गेला, त्याचा साधारण दहावा हिस्सा ते ताजं धरायचं. ही ब्राउझरची लहर नव्हे. नियमांच्या कागदातच, म्हणजे आजच्या आरएफसी ९१११ मध्ये, दहा टक्क्यांचा हा आडाखा दिलाय. आता अण्णांच्या पानाचं गणित मांडा. शेवटचा बदल २० जानेवारी. गिऱ्हाइकाने पान उघडलं ३० एप्रिलला. मधे १०० दिवस. म्हणजे १० दिवस, १० मेपर्यंत, त्या फोनने सर्व्हरला काही विचारायचं कारणच नाही. भाव उतरला २ मेला. वर्कर नसता तरी त्या माणसाला लिंक दाबून १२००च दिसले असते. फोनने काय चूक केली? त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्याने आपल्या अकलेप्रमाणे चालवलं, आणि ती अकल आमच्यापेक्षा बरी होती.

तोंडाला कुलूप लावणाऱ्यांहून वाईट जमात दुसरी. ती बोलते, आणि भलतंच बोलते. साइटच्या वेगाला गुण देणारी यंत्रं आहेत, त्यांत हिरवा आकडा आला की गिऱ्हाईक खूश, बिल पास. त्या हिरव्यासाठी हे लोक सरसकट सगळ्याला एक वर्षाची मुदत देऊन टाकतात, ३,१५,३६,००० सेकंद. चित्रांना द्या, फॉन्टला द्या, नावात आवृत्तीचा ठसा असलेल्या सीएसएसला खुशाल द्या, कारण मजकूर बदलला की नाव बदलेल आणि फोन नवी फाइल मागेल. पण भावाच्या पानालाही वर्ष? त्या पानाचा पत्ता बदलत नसतो. एकदा फोनला ‘वर्षभर विचारू नकोस’ म्हणालात की शब्द परत घ्यायला तुमच्याकडे वाटच उरत नाही, कारण सर्व्हर आपणहून फोनला हाक मारू शकत नाही. सीडीएनवरची प्रत पुसता येते, प्लगिनची पुसता येते. लोकांच्या खिशातली नाही.

मग ही मंडळी घाबरून ‘नो-कॅश’ लिहितात आणि त्याचा अर्थ ‘साठवू नका’ असा समजतात. तसा तो नाही. नो-कॅश म्हणजे साठवा, पण दर वेळी विचारून वापरा. साठवूच नका म्हणायला नो-स्टोअर. नेटस्केपचे फिल कार्लटन यांच्या नावावर एक वचन फिरतं, की संगणकशास्त्रात अवघड गोष्टी दोनच, साठा वेळेवर बाद करणं आणि नावं ठेवणं. नो-कॅश या एका शब्दात दोन्ही एकदम फसल्यात. तरीही भावाच्या पानाला तोच शब्द बरोबर आहे. फोन विचारतो, माझ्याकडच्या प्रतीवर अमुक खूण आहे, चालेल का? बदल नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच कळवतो, पान पुन्हा पाठवत नाही. काही शे बाइटचा मामला. “साइट स्लो होईल” म्हणणाऱ्यांनी एकदा ते मोजून दाखवावं.

फोन कधीच चुकत नाही असं मी म्हणत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये आयओएस ६ बरोबर आलेली सफारी चक्क पोस्ट विनंत्यांची उत्तरंही साठवायला लागली होती, आणि जगभरच्या डेव्हलपरनी तेव्हा कपाळाला हात लावला. तो राग रास्त होता. मागे जाण्याच्या बटणाचंही एक लचांड आहे: ब्राउझर पान गोठवून ठेवतो आणि मागे गेलं की जसंच्या तसं परत दाखवतो, जुन्या टोपलीसकट. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हे २०२० पासून आहे, सफारीत त्याच्याही कितीतरी आधीपासून. त्यावर पेजशो नावाची सूचना मिळते, पान गोठवणीतून आलंय हे तिच्यात कळतं, तेव्हा भाव पुन्हा मागवा. पाच ओळींचं काम. अशा उदाहरणांची यादी करायची तर बोटांवर संपेल. बाकी पोतंभर तक्रारी आमच्याच सर्व्हरच्या.

आणि ‘दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा’ हा उपमंत्र. फेसबुकवरून लिंक उघडली तर ती फेसबुकच्या स्वतःच्या खिडकीत उघडते, तिचा साठा निराळा. क्रोम धुऊन काढलं तरी तिथे ढिम्म हलत नाही. एकाच फोनवर एकाच दुकानाचे दोन भाव दिसतात, आणि आपण त्या माणसाला सांगतो, तुमच्याकडे काहीतरी प्रॉब्लेम आहे. व्हॉट्सॲपवर लिंकखाली येणारी चौकट तर निरोप धाडणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन निरोपाबरोबरच जाते. त्यात मार्चमध्ये भाव छापलात, तर तो लग्नपत्रिकेवरच्या मुहूर्तासारखा, छापला तो छापला. म्हणून भाव कधी त्या चौकटीत घालू नये, हे मी शिकलो, पण अण्णांच्या खर्चाने.

सगळं नीट व्हायला मला देवगडला एक दिवस लागला, त्यातली दुपार सोलकढी आणि झोपेत गेली. मोबाइलची वेगळी प्रत बंद केली. भावाच्या पानाला नो-कॅश. चित्रं आणि सीएसएसला नावात ठसा आणि वर्षाची मुदत. वर्करला हाराकिरीचा हुकूम. लॅपटॉपवरची ती ‘डिसेबल कॅश’ची खूण काढून टाकली, आणि तेव्हापासून कुठलीही साइट हातावेगळी करण्याआधी एका स्वस्त अँड्रॉइड फोनवर, लॉग-इन न करता, आदल्या दिवशी उघडून ठेवलेल्या टॅबमध्ये बघतो. मुलुंडच्या काकांना मी स्वतः फोन केला, चूक माझी होती असं सांगितलं. ते म्हणाले, “मग अण्णांनी तसं का नाही सांगितलं?” अण्णांना तरी काय सांगितलं होतं मी?

हाराकिरीचा वर्कर तरी फोनवर साइट उघडली तरच पोचतो. वापरणाऱ्याने साइट उघडायची, मग ब्राउझर वर्करची नवी फाइल बघायला येणार. ज्यांनी १२०० बघून तोंड फिरवलं ते पुन्हा कशाला उघडतील? सर्व्हरच्या लॉगमध्ये ते येताना दिसतात. वर्करची फाइल मागणाऱ्या विनंतीवर तशी खूण असते. मेअखेर रोज पंधरावीस यायचे, जूनमध्ये दोनचार, मग बंद. नोव्हेंबरात दुसऱ्याच कामासाठी लॉग चाळत होतो, तर रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी एका फोनने वर्करची फाइल मागितलेली. तीन सेकंदांनी त्याच फोनने भावाचं पान मागितलं. पानावर तेव्हा लिहिलेलं होतं, ‘मोसम संपला, बुकिंग जानेवारीत’.